लॅबमधली दिवेलागण

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तशी आई खिडकीचा गज धरून थोडं चालली आणि निरोपाला आलेल्या शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "डोळ्याची डॉक्टर व्हायला चाललीय की!" मी आतून ओरडले, डॉक्टर नाही गं, डोळ्यातल्या एका प्रथिनाचा अभ्यास! गाडीच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

जर्मनीत येऊन आता बरीच वर्षं झाली. सोलापुरात शुक्रवार पेठेत ऊन चुकवत भिंतीच्या कडेनं चालणारी मी, इथं ऊन पडलं की सगळ्यांबरोबर बाहेर धावते. काम मात्र अंधारात. आमच्या लॅबमध्ये एक मिणमिणता लाल दिवा तेवढा असतो, कारण ज्या प्रथिनामुळे आपल्याला दिसतं ते उजेडाला फार हळवं. त्याच्या पोटात एक वाकडा रेणू बसलेला असतो. उजेड पडला की तो झटक्यात सरळ होतो आणि प्रथिन जागं होतं. पापणी लवायला लागणारा वेळसुद्धा त्यापुढे युगासारखा. तो क्षण आम्ही लेझरनं पकडतो. फोनवर हे सांगितलं की आई "बरं" म्हणायची आणि जेवलीस का विचारायची.

बाबा गेल्यावर, मागच्या हिवाळ्यात ती आली, ती मला न्यायलाच. "बास झालं आता. तिकडं कॉलेजात शिकव की. मी एकटी घरात काय करू?" उठता-बसता हेच. ज्याच्यासाठी राहिलेय ते तरी बघ, म्हणून प्रोफेसरांना विचारून तिला लॅबमध्ये नेलं.

इथं हिवाळ्यात चारलाच अंधारून येतं. तिला लाल दिव्याच्या खोलीत बसवलं, सॅम्पलची, म्हणजे त्याच प्रथिनाची नळी टेबलावर ठेवली आणि बर्फ आणायला गेले. परत आले तर खोली लख्ख. ट्यूबलाइट लावून आई तिच्यासमोर हात जोडून उभी.

"दिवेलागणीचं अंधारात बसू नये, म्हाईत हाय की तुला."

कित्येक आठवड्यांची मेहनत! नळीतला गुलाबी रंग आमच्यादेखत फिका, पिवळट होत गेला. आईचा चेहरा उतरला. "पुन्यांदा अंधार केला तर?"

"डोळ्यात असतं तर आपसूक झालं असतं," मी म्हणाले. "बाहेर काढलेलं नाही होत."

ती नळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "म्हंजे परत पयल्यासारखं न्हाय व्हत," एवढंच म्हणाली आणि तिनं दिवा बंद केला.

सॅम्पल मी पुन्हा बनवलं, मोजमापंही झाली. आई सोलापूरला परतली. रोज फोनवर हवा विचारते, जेवण विचारते. परत ये, हे मात्र तिनं त्यानंतर एकदाही म्हटलं नाही. सुटले, असं वाटायला हवं होतं. पण फोन ठेवायची वेळ आली की मी उगाच काहीतरी बोलत राहते, तिनं एकदा तरी म्हणावं म्हणून. मी जाईन की नाही, मलाच ठाऊक नाही. पण ये म्हणणारं कुणी आहे, एवढंच तर घर उरलं होतं माझ्याकडे. मागं राहिलेल्यांनो, आम्ही नाही म्हणत असलो तरी बोलावणं सोडू नका.