सीलबंद डब्यातल्या तीन रेघा

फिल्मच्या डब्याची टेप मी स्वतः कापली, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकलं की सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. प्रिंट काढणाऱ्या लॅबची पिवळी टेप होती, अख्खी, कुठेही सोडवलेली नाही. डब्यावर एप्रिलचा शिक्का. आणि आत, पहिल्या रिळाच्या शेवटाकडे, चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वॉल्टरच्या तीन तिरक्या रेघा. तिसरी आखूड.

वॉल्टर फेब्रुवारीत वारला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहायचो. तिथून तासाभरावर, डोंगराच्या बाजूच्या एका छोट्या गावातल्या जुन्या थिएटरात मी प्रोजेक्टर चालवायचे. आमच्या वडिलांचा, अण्णांचा, सातारा भागात तंबूतला सिनेमा होता, त्यामुळे फिल्मचा वास मला लहानपणापासूनचा. गावच्या लायब्ररीतून रिटायर झालेली नॉर्मा, थिएटरचा जुना प्रोजेक्शनिस्ट वॉल्टर आणि मी, अशा तिघांनी मिळून फिल्म फेस्टिव्हल सुरू करायचा घाट घातला. मोठ्या कंपन्या हात लावत नाहीत अशा, लोकांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या फिल्म दाखवायच्या. थिएटरच्या मालकानं एक वीकेंड दिला होता. नीट पार पडला तर दरवर्षी हॉल मिळणार. नाही तर खुर्च्या उपटून तिथे कार्पेटचं दुकान होणार होतं. गिऱ्हाईक जागा बघूनही गेलं होतं.

आणि सगळं येऊन अडलं होतं माझ्या हातावर. अण्णांच्या तंबूत मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लावायचे, लोक सोडा प्यायचे, तोवर दुसरं रीळ चढवायचं. अमेरिकेत मशीन दोन. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की कोपऱ्यात खूण दिसते, मग दुसरं मशीन सुरू करायचं आणि दुसऱ्या खुणेला, नेमक्या क्षणी चित्र इकडून तिकडे न्यायचं. याला चेंजओव्हर म्हणतात. प्रेक्षकाला कळताही कामा नये. चुकलं तर पडदा पांढराफटक. वॉल्टर शेजारी असताना मी तो शंभरदा केला होता. एकटीनं एकदाही नाही.

सकाळी निघताना हे म्हणाले, ‘‘अगं, एवढं टेन्शन असेल तर कॅन्सल कर ना. फेस्टिव्हलच आहे, लग्न नाही.’’

मी कारचं दार आपटलं. माझा स्वभाव असाच आहे.

दुपारी दोनला पहिला खेळ. दहा वाजता मी पांढरे हातमोजे घालून रिळं तपासायला बसले. फिल्म बोटांतून सरकवत न्यायची, कुठे फाटलंय, कुठे जोड आहे, ते बोटांनाच कळतं. या फिल्मवर लॅबची खूण नव्हती. हौशी लोक बऱ्याचदा ती करून घेत नाहीत. मग प्रोजेक्शनिस्ट स्वतः टोकदार सळईनं फिल्म खरवडतो. प्रत्येकाची रेघ वेगळी, सहीसारखी. वॉल्टरची मी कुठेही ओळखली असती.

मी मनाची समजूत घातली, की दुसराही कोणी तीन रेघा मारत असेल. मग फूटपट्टी घेतली. मशीन सुरू करायची खूण रीळ संपायच्या आठ सेकंद आधी, म्हणजे बारा फुटांवर असते. इथे साडेसोळा फूट भरले. अकरा सेकंद. दुसऱ्या रिळावर बरोबर बारा. तिसऱ्यावर पुन्हा साडेसोळा.

मग मात्र माझ्या अंगावर काटा आला. आमचं दोन नंबरचं मशीन म्हातारं होतं. त्याला वेग घ्यायला तीन सेकंद जास्त लागायचे. ते सुरू करायचं असेल तेव्हाच खूण लवकर हवी. ही गोष्ट आमच्या बूथबाहेर, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीबाहेर, कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पाचव्या, शेवटच्या रिळावरही रेघा होत्या. त्यानंतर चढवायला काहीच नसतं. तिथे खूण कशाला?

मी नॉर्माला वर बोलावलं. तिनं भिंगातून फ्रेम पाहिली आणि स्टुलावर बसली.

‘‘सुमन, हे कुणाला सांगू नकोस.’’

‘‘पण हे केलं कुणी?’’

‘‘खुणा बरोबर आहेत ना? मग त्याच वापर.’’ आणि ती जवळजवळ पळतच खाली गेली.

दोन वाजता हॉल अंधारला. पहिल्या रिळाच्या शेवटी तीन रेघा चमकल्या आणि मी दोन नंबर सुरू केलं. पुढच्या खुणेला चित्र बदलायची झडप ओढली. चित्र हललंसुद्धा नाही. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून वॉल्टरच्या नेहमीच्या ‘‘नाऊ’’ची वाट बघतेय. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पाठीमागे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती.

पाचवं रीळ. रेघा आल्या. मी खिडकीतून खाली पाहिलं. सगळी डोकी पडद्याकडे. आणि तिसऱ्या रांगेत एक आकृती उठून उभी राहिली. पडद्याकडे पाठ, तोंड सरळ माझ्या खिडकीकडे. मागून उजेड, त्यामुळे चेहरा नुसता काळा. तिनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

आकृती थोडा वेळ थांबली, मग हात खाली आला आणि ती बसली. फिल्म संपली. टाळ्या पडल्या.

पाच मिनिटांत बूथच्या जिन्यावर पावलं वाजली. दारात पस्तिशीची एक बाई, हसरी, हातात फुलं. एलन. फिल्म तिचीच होती.

‘‘वॉल्टर कुठाय? शेवटच्या खुणेला त्यानं दिवा का नाही लावला?’’

कॉलेजात असताना दोन वर्षं ती याच बूथमध्ये वॉल्टरची असिस्टंट होती, मी येण्याच्या कितीतरी आधी. तिची सुट्टी असली की ती खाली तिसऱ्या रांगेत बसायची. शेवटच्या रिळाच्या खुणेला तो बूथमधला दिवा लावायचा आणि ती उठून हात करायची. सगळं ठीक पार पडलं, एवढाच त्याचा अर्थ. रेघा मारायला, दोन नंबरच्या म्हातारपणाचे सेकंद धरायला त्यानंच शिकवलं होतं. म्हणून लॅबमध्ये डबा बंद होण्याआधी तिनं त्याच्यासाठी खुणा करून ठेवल्या होत्या.

‘‘त्याचं इन्व्हिटेशन मार्चमध्ये आलं मला,’’ ती म्हणाली. ‘‘खाली त्याची सही होती.’’

तिच्यामागून नॉर्मा वर आली होती. ती रडत होती. वॉल्टरनं हॉस्पिटलात पडल्या पडल्या कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या. तो गेला हे कळलं तर फिल्म कोण पाठवणार, या भीतीनं तिनं त्यांवर आमंत्रणं लिहून ती तशीच धाडली होती. एलनला काय झालं ते सांगायचं काम माझ्यावर आलं. फुलं तिनं दोन नंबरच्या मशीनवर ठेवली. मी सकाळपासून मेलेल्या माणसाला घाबरत होते आणि ती त्याच माणसाला जिवंत समजून भेटायला आली होती, याची मला फार लाज वाटली.

फेस्टिव्हल टिकला. कार्पेटवाला दुसरीकडे गेला. मी पुढे बरीच वर्षं नव्या प्रोजेक्शनिस्टांना शिकवलं, की लॅबनं कितीही सील मारलेलं असो, प्रिंट स्वतः तपासा. आणि नॉर्माला बजावलं, की माणूस गेला असेल तर पत्रात तसं लिहावं.

रविवारी त्याच फिल्मचा दुसरा खेळ होता. एलन तिसऱ्या रांगेतच बसली होती. पाचव्या रिळावर तीन रेघा आल्या आणि मी बूथमधला दिवा लावला. ती उठली नाही, वळलीही नाही. हात तेवढा वर केला.