हरलेल्या टीमची बस

तो फुटबॉल क्लबची बस चालवायला लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते आणि टीम जिंकत होती. पुढे दोन्हींना एकदमच गळती लागली. त्याआधी तो मालाचे ट्रक हाकायचा. पण या क्लबचं वेड लहानपणापासूनचं, त्यामुळे नोकरी मिळाली त्या दिवशी तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "आता मला मॅचला तिकीट काढावं लागणार नाही." बायको म्हणाली, "आणि मला शनिवारी नवरा मिळणार नाही." दोघांचंही खरं ठरलं.

टीममधली मुलं त्याला काका म्हणायची. कोण खिडकीजवळ बसतो, कोणाला वळणावर मळमळतं, कोण हरल्यावर टोपी तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतो, हे सगळं त्याला वरच्या लांब आरशात दिसायचं. पण एक नेम त्याने पहिल्यापासून पाळला होता. बसमधलं बसमध्ये. खाली उतरलं की तोंड बंद.

हा नेम त्याच्या घरच्यांना मात्र मुळीच पसंत नव्हता. घरचे म्हणजे दोघं, बायकोचा धाकटा भाऊ आणि साडू. मॅच संपली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघंही त्याच्याकडे हजर. एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसायचे आणि टीम का हरली यावर गळ्याच्या शिरा ताणून भांडायचे. मधल्या जागेत ताट ठेवलेलं असायचं, ते मात्र दोघं मिळून संपवायचे.

मेहुण्याच्या मते सगळा दोष कोचचा. "पोरं काय करतील हो? वरचा माणूस गाढव असला तर खालच्यांनी कुठे बघायचं?" मेहुण्याच्या आजवर बऱ्याच नोकऱ्या सुटल्या होत्या आणि प्रत्येक ठिकाणी वरचा माणूस गाढवच निघाला होता. साडू शाळेत पीटीचे मास्तर होते, आता निवृत्त. त्यांच्या मते दोष खेळाडूंचा. "शिस्त नाही, दम नाही. केसांना रंग लावायला वेळ आहे, पळायला नाही. कोच बिचारा शिट्टी फुंकून फुंकून थकला." साडूंनी अख्खी हयात मैदानात सावली शोधून खुर्ची टाकण्यात आणि उन्हात पळणाऱ्या पोरांना नावं ठेवण्यात घालवली होती.

"भावोजी, तुम्ही सांगा," मेहुणा म्हणायचा. "तुम्ही आतले आहात. कोचचं आणि पोरांचं पटत नाही ना?"

"साडूभाऊ, पोरं रात्री बाहेर जातात की नाही? नुसती मान हलवा," मास्तर म्हणायचे.

तो मान हलवायचा नाही. पायातले मोजे काढून न्हाणीघरात जायचा आणि गरज नसताना बराच वेळ तोंड धूत बसायचा. सुरुवातीला त्याला या भांडणाची मजा वाटायची. आपणही एकेकाळी चौकात उभं राहून असंच भांडलो आहोत, हे त्याला आठवायचं. पण त्या हंगामात टीम तळाला गेली आणि मजा हळूहळू आंबत गेली.

टीममध्ये एक उंचेला बॅक होता. हात-पाय इतके लांब की सीटमध्ये बसला की घडी घातल्यासारखा दिसायचा. सगळे त्याला लंबू म्हणायचे. वडिलांचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे बस थांबली की तो उतरून काकांबरोबर इंजिनात डोकं घालायचा. लंबूला प्रत्येक मॅचआधी उलटी व्हायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. टीम जिंकत होती तेव्हाही व्हायची, ज्या दिवशी जिंकल्यावर गावच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं त्या दिवशीही झाली होती. बस मैदानामागे लागली की तो मागच्या चाकाआड जायचा, काका बादली पुढे करायचा, कोच त्याचं कपाळ धरायचा. दोन मिनिटांचा मामला. मग चूळ भरून लंबू आत जायचा आणि बैलासारखा खेळायचा. याची कधी कोणी चर्चा केली नव्हती. करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

एका शनिवारी काका जेवणाचा डबा घरीच विसरला आणि बायकोने भावाला डबा देऊन मैदानाच्या मागच्या फाटकाशी पाठवलं. 'ड्रायव्हरचा डबा आहे' म्हणत मेहुणा थेट बसपर्यंत आला, तो नेमका त्याच वेळी. लंबू बादलीवर वाकलेला, कोचचा हात त्याच्या कपाळावर.

मेहुण्याने डबा हातात दिला, पण डोळे तिकडेच. काकाने त्याला दंडाला धरून बसच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

"हे बाहेर बोलायचं नाही. कळलं?"

"छे हो भावोजी! मी काय लहान आहे का?"

त्या दिवशी टीम हरली. गोल झाला तो लंबूच्याच पायाला लागून.

दुसऱ्या दिवशी काका फिरून घरी आला तर जिन्यातूनच आवाज ऐकू आला.

"आजारी पोराला मैदानात उतरवतो! कोच आहे की कसाई?" मेहुणा ओरडत होता.

"आजारी कसला? रात्री ढोसली असणार! सकाळी उतरली नाही, दुसरं काय?"

"मी डोळ्यांनी बघितलंय, मास्तर! कपाळ धरून उभा होता कोच. म्हणजे त्याला माहीत होतं!"

"कपाळ धरलं म्हणजे माणूस भला आहे. तोंडात मारायला हवी होती त्या लंबूच्या!"

तो दारात उभा राहिला. खरं काय ते जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्याने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. दोघं बोलता बोलता चावत होते, चावता चावता बोलत होते, ओठांच्या कडांना कण चिकटलेले. आपण खरं सांगितलं तर तेही असंच चावलं जाईल, एवढंच त्याला दिसलं. प्रत्येक मॅचआधी ओकतो? भित्रा! प्रत्येक मॅचआधी? मग कोच झोपला होता का?  तो म्हणाला, "मी पडतो जरा," आणि आत गेला.

पुढची मॅचही घरच्याच मैदानावर होती. बस फाटकाशी वळली तेव्हा त्याला आधी आवाज ऐकू आला, ढबढब, ढबढब. त्याला वाटलं कुणी ढोल आणलेत. मग गर्दी दिसली. लोकांनी बादल्या आणल्या होत्या. निळ्या, लाल, हिरव्या. कुणी काठीने, कुणी तळहाताने बडवत होतं. लंबू बसमधून उतरला तेव्हा एका माणसाने बादली तोंडाशी धरून ओकल्याचा आवाज काढला आणि बाकीचे पोट धरून हसले.

लंबूने काकाकडे पाहिलं. फक्त एकदा. मग तो मान खाली घालून आत गेला. त्या दिवशी त्याला उलटी झाली नाही. बादल्या वाजत असताना तो बसमागे गेलाच नाही. मैदानात मात्र त्याचे लांब पाय एकमेकांत अडकत राहिले. टीम सपाटून हरली.

परत निघताना बस फाटकातच कोंडली. चारी बाजूंनी माणसं. काचांवर हात, तोंडं, थुंकी. अंड्याचा बलक वायपरवरून ओघळत होता. "कोच चालता हो!" एका बाजूने, "विकले गेले साले!" दुसऱ्या बाजूने, आणि मध्येच दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांनाच ढकलत होते. लंबू नेहमीच्या खिडकीशी बसला होता. कोच उठला आणि पाठ काचेला लावून त्याच्यापुढे उभा राहिला. तेवढ्यात वरच्या उघड्या फटीतून एक प्लास्टिकची बाटली आत आली, बूच उघडं. कोचच्या खांद्यावर आदळली. वासावरूनच सगळ्यांना कळलं काय आहे ते. मागे कोणीतरी मुलगा शिवी हासडून उठला. कोच म्हणाला, "बस खाली." आणि तसाच, ओला, उभा राहिला.

काकाने हॉर्नवर हात दाबून धरला आणि बस तसूतसूने पुढे काढली. तेव्हाच त्याला डावीकडच्या गर्दीत मेहुणा दिसला. हातात निळी बादली, दुसऱ्या हातात आमटी वाढायचा डाव. घामाने थबथबलेला, चेहरा आनंदाने फुललेला. काचेतून दोघांची नजरानजर झाली.

मेहुण्याने त्याला हात केला. लग्नाच्या वरातीत ओळखीचं माणूस दिसल्यावर करतात तसा.

रविवारी सकाळी त्याने बस धुतली. वाळलेली थुंकी पाण्याने जात नव्हती, नखाने खरवडावी लागली. लंबूच्या सीटचं कापड त्याने दोनदा साबणाने घासलं, तरी वास राहिलाच. त्याने हात धुतले, मग पुन्हा धुतले. डबा उघडला आणि तसाच बंद केला. लहानपणापासून ज्या क्लबच्या नावाने आपल्या अंगावर काटा यायचा, त्याची आता आपल्याला किळस येते, हे त्याला पाइप हातात धरून उभं असताना कळलं. क्लबची नव्हे, माणसांची. पण माणसं बाजूला काढली तर क्लब म्हणून उरतं काय, हेही त्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी दोघं आले. मेहुणा दारातूनच म्हणाला, "ताई, ही तुझी बादली. जरा चीर गेलीये बघ. पण काय वाजली म्हणून सांगू!"

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको गोंधळली. "अहो, नळाचं पाणी जायचंय, बादली भरून ठेवतो म्हणाला. मला काय ठाऊक?"

"आयडिया माझीच होती भावोजी," मेहुणा सोफ्यावर बसत म्हणाला. "तीन दिवसांत गावभर झाली. पोरांबद्दल आपल्या मनात काही नाही हां! आपला राग कोचवर. पण त्याच्यापर्यंत आवाज पोचणार कसा?"

"मी बादल्यांच्या विरुद्ध होतो," मास्तर ताटाकडे हात नेत म्हणाले. "म्हणजे लंबूपुरतं ठीक. कोचच्या अंगावर बाटली टाकायला नको होती. चूक पोरांची आणि..."

काकाने ताट उचललं. हळूच, सांडू न देता. आत ओट्यावर नेऊन ठेवलं आणि परत येऊन दार उघडून उभा राहिला.

"चला."

"कुठे?" मेहुण्याने विचारलं.

"कुठेही. माझ्या घरातून."

मास्तर हसले. मग त्यांना दिसलं की हसण्यासारखं काही नाही. "साडूभाऊ, अहो, खेळावरून कोणी नाती तोडतं का?"

"काल त्या मुलासमोर माणूस मुताने भिजून उभा होता," काका म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी आज तो वास धूत होतो. त्याच हाताने तुम्हाला पाणी द्यायचं? मला जमणार नाही. उठा."

"मी नव्हती टाकली बाटली!" मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता. "ताई, सांग ना यांना!"

"अहो, माझा भाऊ आहे तो," बायको म्हणाली.

"म्हणून तर दार उघडून उभा आहे. दुसरा कोणी असता तर ढकलला असता."

ते गेले. बायको त्याच्याशी बरेच दिवस नीट बोलली नाही. भाजीत मीठ कमी-जास्त झालं की कारण त्याला कळायचं, तो मुकाट्याने खायचा.

क्लबने कोचला काढलं. निरोप आला तो फोनवर, सरावाहून परतताना, चालत्या बसमध्ये. कोच फोनवर फक्त "बरं" म्हणाला. त्याने काकाला पुढच्या सिग्नलजवळ थांबायला सांगितलं, बॅग घेतली, मुलांकडे एकदा वळून पाहिलं आणि उतरला. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. लंबू हंगाम संपेपर्यंत बाकावर बसून राहिला आणि मग गावी गेला. जाताना त्याने काकाला वाकून नमस्कार केला. काकाला पाय मागे घ्यावेसे वाटले. डबा आपण विसरलो होतो, हे तेव्हा त्याला आठवलं.

नवा कोच आला, टीम हरतच राहिली. दरबार आता मास्तरांच्या घरी भरायचा. एका रविवारी बायको बहिणीकडे म्हणून गेली आणि तासाभरात परत आली. पर्स खुंटीला अडकवून ती त्याच्यासमोर बसली.

"काय झालं?"

"तुमचे साडू म्हणतात, सगळा दोष नव्या कोचचा. आणि आमचे बंधुराज म्हणतात, कोच काय करील, पोरंच नालायक." तिने तोंड वाकडं केलं. "अगदी उलट! मी म्हटलं, अरे, गेल्या वर्षी तू वेगळं म्हणत होतास. तर म्हणतो, कधी? मी तर पहिल्यापासून हेच सांगतोय."

"आणि मास्तर?"

"तेही तसंच. दोघांना आठवतच नाही हो. खरंच आठवत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, आणि मला कसंसंच झालं. उठून आले."

 उठून त्याने तिच्यासाठी पाणी आणलं. तिने पेला हातात धरला, प्यायली नाही.

"तो उंच मुलगा आता काय करतो?"

"वडिलांच्या गॅरेजात असतो म्हणे."

"खेळतो का कुठे?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "विचारायचा धीर झाला नाही."