ऐन हलवा आणि माझं जुनं नाव

गावाकडच्या विसरभोळ्यांनो, मी इकडे जर्मनीत, आखनला असते एवढं तरी आठवतं ना? बोलते मी, टाइप करते नात सई.

मंगळवारी माझा दादा, थोरला भाऊ, गेल्याचा फोन आला. मला अजून रडू आलेलं नाही. जेवते, झोपते, तेवढंच.

आज दुपारी शेजारच्या फातिमाबाई भेटायला आल्या. त्या अल्जेरियाच्या. त्यांचं जर्मन सई मला मराठीत सांगते. त्यांच्या लहानशा गावाचं नाव ऐन हलवा, म्हणजे गोड झरा. फ्रेंचांनी ते पुसून आपल्या कुठल्याशा सेनापतीचं नाव लावलं. पण म्हातारी माणसं घरात जुनंच म्हणत राहिली, म्हणून फ्रेंच गेल्यावर ते परत लावता आलं.

मी म्हटलं, "माझंही तसंच. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं. मला कुठे वाचता येत होतं? मी आपली मान डोलावली."

"मग जुन्या नावानं कोण हाक मारायचं?"

"दादा. एकटाच उरला होता."

त्यांनी माझा हात धरला. सई म्हणाली, "आजी, ते नाव मलाही माहीत नाही."

तुमच्यापैकी कुणाला आठवतंय? नसेलच. गोदी.

दादा दर वर्षी कुरडया पाठवायचा. यंदा तुम्ही पाठवा. डब्यावर गोदी लिहा, सई मोठ्यानं वाचेल. आणि कुरडया गव्हाच्याच हव्यात, तांदळाच्या नकोत.