नारळाच्या पाण्यानं जाम झालेली सायकल

आमच्या अण्णांनी त्यांची रेसिंगची सायकल भक्तीनं मारली. दर दसऱ्याला ती गोठ्यातून बाहेर काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू फासायचं आणि नारळ फोडून त्याचं पाणी थेट सीटच्या दांडीवर ओतायचं. तिथंच का, तर म्हणे मालक तिथं बसतो. माळ सुकली की सायकल परत म्हशीच्या शेजारी. पुढं पुढं ती चालवत कुणीच नव्हतं, पण तीसेक वर्षं पूजेत खंड म्हणून नाही.

ती त्यांनी लग्नाआधी पुण्यातल्या एका कॉलेजच्या पोराकडून घेतलेली. बारीक पोलादी नळ्या, खाली वळलेलं हँडल, दहा गिअर. तिच्यावर बसून त्यांनी पौडपासून माले गावापर्यंत एसटीला मागं टाकलं होतं, असं ते सांगतात. आई म्हणते, एसटी पंक्चर होती.

माझे दोन्ही भाऊ याच सायकलवर शिकले. मला हात लावायची बंदी. बारा वर्षांची असताना मी ती गुपचूप काढली आणि नळीखालून पाय घालून लंगडत-लंगडत ओढ्यापर्यंत नेली. परत आले तर अण्णा दारातच. अख्ख्या आळीसमोर त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. "पोरीच्या जातीनं असली वाकून चालवायची सायकल चालवायची न्हाई," म्हणाले. मी पुढं हिंजवडीत नोकरीला लागले, सूसला फ्लॅट घेतला, आता स्वतःची कार हाकत माहेरी येते. पण ते वाक्य विसरले नाही. मी खुनशी आहे.

यंदा नागपंचमीला मी जाहीर केलं, सायकल मी दुरुस्त करणार आणि मीच चालवणार.

"ती पूजेची हाय," अण्णा म्हणाले.

"मग पूजाच करतेय. सांगोपांग."

दर रविवारी गोठ्यासमोर गोणपाट अंथरून बसायला लागले. चेन रॉकेलमध्ये भिजत घातली. मागच्या चाकाचा आस उघडला तर बेअरिंगच्या गोळ्या टणाटण उडून कडब्यात गेल्या. चष्मा लावून मी चार पायांवर त्या शोधतेय आणि अण्णा खुर्चीत पेपर धरून, "म्हशीनं खाल्ल्या असतील बघ." सगळ्या सापडल्या, एक सोडून. ती अण्णांच्या चपलेखाली होती. त्यांनी ती कधीपासून दाबून ठेवली होती ते देवाला ठाऊक.

गंज घासला, तसा खालून मूळचा निळा रंग निघाला. इतका सुंदर, की मी एकटीच "अगं बाई!" म्हणून ओरडले. नवे टायर चढवले, ब्रेकच्या तारा ओढल्या, फाटकं सीट काढून नवं बसवलं. सगळं जमलं. फक्त सीटची दांडी जागची हलेना. अण्णा सहा फुटी, मी पाच फुटाला कशीबशी टेकणारी. दांडी त्यांच्या उंचीला अडकलेली. ती खाली आल्याशिवाय मी त्या सायकलवर बसूच शकत नव्हते.

तेल सोडलं, रॉकेल सोडलं, हातोडी मारली. शेवटी स्क्रूड्रायव्हरनं सांधा उकरला, तर आधी हळदकुंकवाची ढेपळं निघाली आणि मग त्याखाली गंज, नुसता सिमेंटसारखा.

"अण्णा, हे तुमच्या नारळानं झालंय."

ते भडकले. "पूजेच्या पाण्यानं कुटं गंज चढतो व्हय?"

"लोखंडाला काय कळतंय, पाणी कोणत्या भावनेनं ओतलंय ते!"

झालं. दोन रविवार अबोला. आई मध्ये बसून निरोप पोचवायची. "त्यांनी इचारलंय, च्या घेणार का." आणि अण्णा चार हातांवर बसलेले.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी चाकं आणि सीट काढून सायकल उलटी केली आणि ट्रॅक्टरच्या शेडमधल्या वाइसच्या लोखंडी जबड्यात सीटची दांडी आवळली. म्हणजे आता फ्रेमच धरून फिरवायची. लोंबकळले, ढकललं, लाथ घातली. काही नाही. खाली बसले आणि सायकलला एक कचकचीत शिवी हासडली. शिवी अण्णांकडूनच शिकलेली.

"शिव्या देऊन निघंल व्हय ती?" अण्णा शेडच्या दारात उभे होते. बाह्या दुमडल्या. "त्या टोकाला धर. मी म्हनलं की वड."

ओढली. कर्रर्र झालं आणि फ्रेम बोटभर फिरली. आम्ही दोघंही बोंबललो. च्यायला, काय आनंद झाला! दांडी बाहेर आली तेव्हा नळीतून मूठभर तांबडा भुगा पडला. अण्णांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला, झटकला. मग दांडी घासली, ग्रीस लावलं, चाकं-सीट परत चढवली, सायकल सुलटी केली आणि मला म्हणाले, "हितं उभी ऱ्हा." माझ्या कमरेशी तळहात धरून त्यांनी सीट तेवढ्या उंचीला आणली आणि नट स्वतः आवळला.

दसऱ्याला माळ घातली, हळदकुंकू लावलं, पण अगदी बोटभर. नारळ त्यांनी पायरीवर फोडला आणि पाणी तांब्यात धरलं. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला.

"तू पी." आणि मग म्हशीकडं बघत म्हणाले, "ही तवाच द्यायला पायजे हुती तुला. चुकलं माजं."

बारा वर्षांची असल्यापासून मी याचं उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. त्याऐवजी तांब्या तोंडाला लावला. पाणी प्यायले, सायकलवर बसले, हँडल खालून धरलं आणि पुरती वाकले. आळीतले सगळे दारात आले होते. मी ओढ्याच्या रस्त्याला लागले.

"ब्रेक हळू दाब गं!" अण्णा मागून ओरडले.

मला रडू आवरत नव्हतं, म्हणून मी वळून बघितलं नाही.