हरभरा, जवस आणि निसरडं बी

१९५८ साल, दसऱ्याचा दुसरा दिवस. ओसरीवर वडिलांनी पंधरा रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेची दुसऱ्या खेपेची फी. हजर तिघंच: वडील, आत्या आणि मी. वडील म्हणाले, “या वक्ताला पास न्हाई झालास तर कॉलेज बंद. औत हाणायचं.”

परीक्षेला पंधरा दिवस होते आणि ताडकळसकडच्या आमच्या रानात पेरणी चालू होती. तिफणीच्या दोन फेऱ्या हरभऱ्याच्या, मग एक जवसाची, हा घरचा रिवाज. बांधावर बसून मी कोपॉलिमर वाचत होतो. दोन वेगळ्या जातींचे मोनोमर, म्हणजे साखळीच्या कड्या होणारे छोटे रेणू, एकाच साखळीत जोडले गेले की कोपॉलिमर. जोडणी कधी एकाआड एक, कधी कशीही मिसळलेली, तर कधी एकाचा लांब पट्टा आणि मग दुसऱ्याचा. आमचं रान पट्ट्यांचं. मिसळलेलं करून बघावं म्हणून मी अर्धा शेर हरभरा आणि अर्धा शेर जवस कालवून एका फेरीसाठी आत्याच्या ओटीत ओतला. चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ तिचीच असायची.

“हे काय कालवलंस रं?”

“प्रयोग हाय, आत्या. सारखं-सारखं पडंल.”

“लेका, जवस लय निसरडा. बोटातून आदी पळतोय. हरभरा मुठीतच ऱ्हातो.”

“मी नीट मिसळलंय की.”

“मिसळलंस तू. पेरायलेय मी!”

दहाव्या दिवशी बी उगवून आलं. मी रोपं मोजली. पहिल्या वीस पावलांत जवस चौऱ्याऐंशी, हरभरा अकरा. शेवटच्या वीस पावलांत जवस फक्त पाच, बाकी हरभराच. वडील बांधावरून ओरडले, “पंचनामा करायलास का अभ्यास?”

परीक्षेत सरांनी सायकलच्या टायरचा तुकडा पुढं ठेवला. म्हणाले, हे कृत्रिम रबर दोन मोनोमरचं. “दोन्ही निम्मे-निम्मे घेतले, तर साखळीतही निम्मे-निम्मेच येतील?”

महिन्यापूर्वी मी हो म्हणालो असतो. म्हणालो, “येतीलच असं नाही, सर. जो साखळीत लवकर शिरतो तो आधी जास्त येतो. तो सरत आला की मागून दुसऱ्याचं प्रमाण वाढतं.”

“कुठं वाचलंत?”

“वाचलं नाही, सर. मोजलं.” मग हरभरा-जवसाची हकीकत सांगितली. बी नुसतं निसटतं, मोनोमर मात्र साखळीला जोडला जातो, हा फरकही सांगितला. सर हसले, पण गुण दिले. पन्नासपैकी एकतीस.

निकाल ऐकून आत्या म्हणाली, “मग मास्तरीण कोन रं तुजी?” वडिलांनी खिशातले पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी त्यातले साडेनऊ रुपये ताडकळसच्या बाजारातल्या कापडवाल्याला दिले; लुगडं आत्याला.