हात कुणाचा लागला?

सर्किट बोर्डाचा तांब्याचा पत्रा आम्ही ॲसिडच्या टाकीत साफ करतो, मग साध्या पाण्यातून काढून उभा धरतो. पत्रा खरंच स्वच्छ असेल तर पाणी त्याच्यावर अखंड पसरून राहतं. जरा कुठे तेलकटपणा राहिला की तिथे ते फाटतं.

आज ते कोपऱ्याजवळ फाटलं, अंगठ्याएवढ्या जागेत. आमच्या सुपरवायझर नलूताई कडाडल्या, "हात कुणाचा लागला?" पत्रा परत टाकीत गेला.

मला मात्र ती जागा डोळ्यांसमोरून हलेना. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसलं नसतं. माणूस क्षणभर टेकला तरी त्याचं काहीतरी मागे राहतं, आणि आम्हाला पगार मिळतो तो ते घालवायचा. हातमोजे घालून सगळं कडेनं धरायची इतकी सवय झालीय, की मी भाजीसुद्धा दोन बोटांनी उचलते. भाजीवाली हसते, "ताई, वांगं काय चावतंय का?"

संध्याकाळी घराचं कुलूप काढलं. सकाळचा पेला ओट्यावर होता तिथेच होता. खुर्चीही तशीच. हे गेल्यापासून असंच असतं. हे होते तेव्हा फ्रिजच्या दारावर रोज लोणच्याची बोटं उमटायची, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "हात कुणाचा लागला?"

घरात आम्ही दोघंच होतो, तरी विचारायचे. "कुणाचा बरं?" म्हणत हे बाहेरच्या खोलीत हसायचे.

आता ते दार लख्ख आहे. वरून पाणी सोडलं, तर कुठेही फाटणार नाही.