मिस्टर हॉर्टन यांचं आडनाव

मिस्टर हॉर्टन आले की आधी स्वयंपाकघरात शिरत, शेगडीवरच्या भांड्याचं झाकण उचलून वास घेत आणि मग रुमालाने बोटं पुसत. घर त्यांचं होतं, पण आमटी आमची होती. ब्युमॉन्टमधल्या त्या घरात मी, माझी बायको माधवी आणि आमची मुलगी ईरा भाड्याने राहत होतो. डब्लिनमध्ये घर मिळवताना नाकी नऊ आलेले, त्यामुळे आम्ही गप्प बसायचो.

उंच माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पिवळी पडलेली लांब नखं. माझी नजर नको असताना त्या नखांवर जायची. त्यांचा जन्म डब्लिनचा, आजोबाही तिथलेच. तरी कुणी त्यांना आयरिश म्हटलं की थंड आवाजात सांगायचे, "हॉर्टन हे इंग्लिश नाव आहे. गावावरून आलेलं. जमीनजुमला असलेल्या लोकांचं."

एकदा त्यांनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी उत्साहाने सांगितलं, "चिखलीकर. कर म्हणजे त्या गावचा. आमचं गाव चिखली, म्हणजे चिखलाचं." ते बराच वेळ हसत राहिले. त्या दिवसापासून मी 'मिस्टर मड' झालो. "मिस्टर मड, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलात का?" तेही शेजारच्या नोरासमोर. ती बिचारी मान खाली घालायची.

उन्हाळ्यात माझे वडील, आप्पा, चिखलीहून आले. एका रविवारी आम्ही चहा घेत असताना हॉर्टन बॉयलर बघायला म्हणून आले. आप्पांकडे बघून म्हणाले, "अच्छा, हे थोरले मिस्टर मड."

आप्पांना इंग्रजी फारसं कळत नाही. ते हसले.

ईराने कप खाली ठेवला. शाळेत त्यांचा गावांच्या नावांवर प्रकल्प चालू होता. तिच्या डब्लिनी इंग्रजीत ती अगदी सरळपणे म्हणाली, "मिस्टर हॉर्टन, तुमचंही तेच आहे. जुन्या इंग्रजीत होरू म्हणजे चिखल, घाण. आणि टून म्हणजे वस्ती. हॉर्टन म्हणजे चिखलातलं गाव. मी शोधलं."

आप्पांनी विचारलं, "काय म्हणते पोरगी?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला. "असं? मंग हे तं आपलेच निघाले. चिखलीकरच की!" ते उठले आणि दोन्ही हात पुढे करून हॉर्टनसमोर उभे राहिले.

हॉर्टननी त्या हातांकडे पाहिलं. हात न लावताच रुमाल काढून स्वतःची बोटं पुसली. "मुलीला वळण लावा," मला म्हणाले आणि निघून गेले.

"त्यांना काई लागलं का रे?" आप्पांनी विचारलं. त्यांचे हात अजून पुढेच होते. माधवीने त्यात चहाचा कप दिला.

थोड्याच दिवसांत घर सोडायची नोटीस आली. इंग्लंडहून पुतण्या राहायला येणार होता म्हणे. भांडून उपयोग नव्हता. घर मिळालं ते थेट तासाभराच्या अंतरावरच्या डंडॉक गावात. ईराची शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. किती दिवस ती एकच वाक्य बोलायची, "मी खोटं सांगितलं नव्हतं." चावी घ्यायला आलेल्या हॉर्टननी एकेक कपाट उघडून आत नाक घातलं. "हा वास आता जायचा नाही," म्हणाले.

हिवाळ्यात नोराचा फोन आला. हॉर्टन गेले होते. इकडे ओळखीचं माणूस गेलं की लोक चर्चला जातात, म्हणून माधवीने जायचं ठरवलं. मी बाहेर गाडीतच बसून राहिलो.

ती परत आली. "पुढचा बाक रिकामा होता रे. शेजारपाजारचे तेवढे आले होते."

"आणि पुतण्या?"

"पुतण्या नव्हताच. नोरा म्हणाली, ते एकुलते एक. आपण गेल्यापासून घर बंदच आहे." जरा थांबून ती म्हणाली, "बिचारे."

मीही तसं म्हणून पाहिलं, पण शब्द तोंडातून बाहेर पडेना. ईराची ती खोली, पडदे ओढलेली, कुणाच्याच उपयोगाची नाही. त्या माणसाला तीच आमच्यापेक्षा बरी वाटली होती.

"पट्टा लाव," मी माधवीला म्हणालो. ईराची शाळा सुटायच्या आत डंडॉक गाठायचं होतं.